चिनी रोगणाचे कोरीव करंडे

इंग्रजींतील ‘लॅकर’ हा शब्द मूळचा आपल्याकडचा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. संस्कृतांतील ‘लाक्षा’, तिची देशी भाषांत ‘लाख’. ती इराणी व अरब व्यापाऱ्यांनीं उचलली, त्यांच्याकडून पोर्तुगीजांच्या तोंडीं ती ‘लाका’ झाली, आणि पुढें फ्रेंच व इंग्रज लोकांनीं तिला आपापल्या उच्चाराचा पोशाख चढविला. पांडवांस जाळण्यासाठीं दुर्योधनानें वारणावतास जें जतुगृह उभारविलें त्यांतली ती ही लाख. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांवर चितारी लोक चढवीत आले तीही हीच. युरोपांतील व्यापारी सोळाव्या-सतराव्या शतकांत चीन व जपान येथें पोंचले, आणि तेथील चकचकीत तांबडे-काळे डबे पाहून त्यांची समजूत झाली कीं, ही हिंदुस्थानांतलीच लाख. त्यांनीं तेंच नांव त्या मालास लावून दिलें. शब्द खरा, पण वस्तु भलतीच!

आपली लाख ही किड्याची करणी. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डाहळ्यांवर एक सूक्ष्म किडा बसतो व आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच करतो. तें खरवडून, वितळवून, गाळून लाख तयार होते. ती उष्णतेनें पुन्हा मऊ पडते व स्पिरिटांत विरघळते. चिनी रोगणांत किड्याचा संबंध कोठेंच नाहीं. तो एका झाडाचा चीक आहे, आणि एकदां नीट बसला म्हणजे तो पाण्यास, तेलास, स्पिरिटास किंवा साध्या आम्लास दाद देत नाहीं. चिनी लिपींत या चिकाचें जें प्राचीन अक्षर आहे त्यांत एक झाड व त्यावरून ठिबकणारे थेंब काढलेले दिसतात. म्हणून या लेखांत मीं ‘लाख’ हा शब्द टाळून ‘रोगण’ हा शब्द योजिला आहे. संज्ञेचा घोळ आरंभींच मिटविलेला बरा.

हें झाड मात्र आपल्याला अगदींच परकें नाहीं. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळांतलें तें. कैरी उतरवितांना देंठाचा चीक ज्यांच्या गालावर उडाला आहे, किंवा बिब्बा उतल्यामुळें ज्यांनीं आठ दिवस हात बांधून काढले आहेत, त्यांस चिनी रोगणकाराचें दुःख निराळें समजावून सांगावयास नको. त्या चिकांत उरुशिऑल नांवाचें जें द्रव्य असतें, त्याचीं भावंडें बिब्ब्यांत व काजूच्या टरफलांतील तेलांत आहेत. तेंच कातडीस फोड आणतें, आणि तेंच हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून दगडासारखें कठीण होतें. धोबी कपड्यांवर बिब्ब्यानें खूण करीत व ती कितीही धुतली तरी जात नसे, त्याच्या मुळाशीं हीच शक्ति. आमच्या वराहमिहिरानें बृहत्संहितेंत देवालयांच्या भिंतींसाठीं जो वज्रलेप सांगितला आहे, त्याच्या द्रव्यांत भल्लातक, म्हणजे बिब्बा, आहे. तेव्हां या कुळाच्या रसाचा हा गुण आपल्याकडेही जाणत्यांस माहीत होता. फरक एवढाच कीं, चिनी लोकांनीं त्या एका गुणावर कित्येक हजार वर्षें सतत काम केलें.

उन्हाळ्यापासून शरद् ऋतूपर्यंत झाडाच्या सालीस तिरप्या खाचा पाडून चीक गोळा करतात. एका हंगामांत एका झाडापासून जेमतेम वाटीभर मिळतो. ताजा असतांना तो करडा, दुधी असतो. वारा लागला कीं पिंगट व मग काळा पडूं लागतो. तो फडक्यांतून गाळून, मंद उबेवर ढवळून, त्यांतलें पाणी कमी करतात. यापुढची गोष्ट मोठी चमत्कारिक. आपण वाळणें म्हणजे पाणी उडून जाणें असें समजतों, व पावसाळ्यांत पापड वाळत नाहींत म्हणून घरोघर हळहळ होते. चिनी रोगण कोरड्या उन्हांत नीट वाळतच नाहीं! त्यास ऊब पाहिजे आणि भरपूर ओलावाही पाहिजे. म्हणून रोगण लावलेली वस्तु दमट कोठडींत ठेवतात. या चमत्काराचें कारण हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं शोधिलें. चिकामध्यें दह्याच्या विरजणासारखें काम करणारें एक द्रव्य असतें, त्यास पुढें ‘लॅकेज’ हें नांव मिळालें. दमट व उबदार हवेंतच तें जोमानें काम करतें, आणि त्याच्यायोगें चिकाचे कण एकमेकांत गुंतून घट्ट जाळें बनतें.

रंगाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. तांबडा रंग हिंगुळाचा. आमच्या रसशास्त्रांत ज्यास हिंगुल किंवा दरद म्हणतात तोच हा पारा व गंधक यांचा संयोग. पिंवळ्यासाठीं हरताळ, काळ्यासाठीं काजळी किंवा लोहाचें द्रव्य. चीक स्वतः पिंगट असल्यामुळें शुभ्र पांढरा रंग त्यांत साधत नाहीं. म्हणजे रोगणकाराच्या एका हातीं फोड आणणारा चीक व दुसऱ्या हातीं पाऱ्याचें विष. असल्या द्रव्यांतून तो कमळें आणि शेवंती काढीत असे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रोगणाचें सामान्य काम चीनमध्यें फारच जुनें. चेकियांग प्रांतांतील हमूदू येथील उत्खननांत तांबडें रोगण दिलेली लांकडी वाटी सांपडली, ती सहा हजार वर्षांहून जुनी धरतात. चांगशा शहराजवळ मावांगद्वी येथें १९७२ सालीं इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांतील एका सरदारपत्नीची कबर उघडली, तेव्हां दीडशेंहून अधिक रोगणी भांडीं निघालीं. कांहींवर ‘आपण जेवावें’, ‘आपण प्यावें’ असा आग्रह लिहिलेला होता. दोन हजार वर्षें जमिनींत राहून त्यांचा तुकतुकीतपणा गेला नव्हता. परंतु हीं सर्व रंगविलेलीं भांडीं. कोरीव रोगण ही त्या मानानें अलीकडची युक्ति, आणि ती चीनचीच.

कोरीव रोगणाचा करंडा पाहतांच प्रथम असें वाटतें कीं, लांकडावर नक्षी कोरून वरून तांबडा रंग दिला असावा. तसें नव्हे. आंत पातळ लांकडाचा साधा करंडा असतो. त्यावर कापड चिकटवून, चीक व राख यांचा लेप देऊन तो गुळगुळीत करतात. मग रोगणाचा अगदीं पातळ हात द्यावयाचा, दमट कोठडींत ठेवावयाचा, बसला कीं दुसरा हात. थर जाड देऊन भागत नाहीं. जाड थराचा वरचा पापुद्रा धरतो व आंतून तो ओलाच राहून सुरकुततो. असे हात शंभर, दीडशें, प्रसंगीं दोनशेंहूनही अधिक. एकेका थरास हवेप्रमाणें एकदोन दिवस धरले, तरी कोरणी हातांत घेण्यापूर्वींच वर्षाचा बहुतेक काळ संपतो. इतकें करून जाडी किती, तर करंगळीच्या नखाच्या रुंदीहूनही पुष्कळदां कमी! आणि तेवढ्या जाडींत डोंगर, झरे, मंडप, माणसें, पाखरें हें सर्व जग कोरावयाचें.

रोगण पुरतें कठीण होण्यापूर्वीं, किंचित् मऊपणा आहे तोंवरच कोरावें लागतें. येथें चुकीस क्षमा नाहीं. चित्रकार रंगावर रंग देऊन चूक झांकतो. कुंभार माती पुन्हा मळतो. पण येथें हात घसरला तर वर्षभराचे थर गेले. यासाठीं कित्येक जुन्या वस्तूंत एक सुंदर योजना केलेली दिसते. तांबड्या थरांच्या मधोमध खोलवर एकच काळा थर दिलेला असतो. कोरतां कोरतां काळी रेघ दिसली कीं, आतां तळ जवळ आला, हें कारागिराच्या हातास कळतें. पुष्कळ करंड्यांच्या कडेस भिंग लावून पाहिलें असतां ही केंसाएवढी काळी रेघ आजही स्पष्ट दिसते.

या कलेचा सर्वांत जुना नमुना राजवाड्यांतला नसून रणांगणावरचा आहे. सर ऑरेल स्टाइन यांस मध्य आशियाच्या वाळवंटांत मीरान येथील पडक्या किल्ल्यांत चामड्याच्या चिलखताच्या पट्ट्या सांपडल्या. त्यांवर तांबडे व काळे थर देऊन, ते खरवडून वळणें व वर्तुळें काढलेलीं आहेत. त्या आठव्या-नवव्या शतकांतील असून ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. पुढें सुंग राजांच्या काळीं कोरीव रोगणाचे ताट, पेले व करंडे होऊं लागले. आळीपाळीनें तांबडे व काळे थर देऊन तिरपें कोरलें कीं, कापाच्या उतारावर पट्ट्यापट्ट्यांची शोभा दिसे. या जातीस जपानी लोक ‘गुरी’ म्हणतात. जपानचें नांव येथें मुद्दाम घ्यावें लागतें, कारण सुंग व युआन काळच्या पुष्कळ उत्तम वस्तु तेथील बौद्ध विहारांनीं जतन केल्या. १२७९ सालीं चीनमधून गेलेल्या एका भिक्षूशीं निगडित असलेल्या अशा वस्तु कामाकुरा येथील एंगाकुजी विहारांत आहेत.

चौदाव्या शतकांत, युआन वंशाच्या अखेरीस, चेकियांगमधील शीतांग गांवीं दोन कारागीर होऊन गेले : चांग छंग आणि यांग माव. त्यांच्या हातचे म्हणून मानलेले नमुने पेकिंगच्या राजवाडा-संग्रहालयांत आहेत. चांग छंगच्या ताटांत मधोमध पूर्ण उमललेलें अनंताचें एकच मोठें फूल व भोंवतीं कळ्या आहेत. पाकळ्या एकमेकींवर अशा वळल्या आहेत कीं, हें झाडाच्या चिकाचें काम आहे, हें डोळा विसरतो. यांग मावच्या अष्टकोनी ताटांत एक वृद्ध पुरुष धबधबा पाहत उभा आहे. दोघांनींही आपलें नांव तळाशीं, कडेजवळ, सुईनें ओरखडून ठेविलें आहे. तें इतकें बारीक कीं, उजेड तिरपा पाडल्याशिवाय वाचतां येऊं नये. १३८८ सालीं छाव चाव या रसिकानें जुन्या वस्तूंच्या परीक्षेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या दोघांची कीर्ति सांगून लगेच असाही शेरा मारला आहे कीं, त्यांच्या पुष्कळ वस्तूंवरील तांबडें रोगण पातळ असून टिकाऊ नाहीं. असला परखड परीक्षक समकालीन असावा, हेंही कलेचें भाग्यच.

जपानांत या दोन नांवांचा मान एवढा वाढला कीं, तेथील कोरीव रोगणकारांच्या एका घराण्यानें दोघांच्या नांवांतील एकेक अक्षर घेऊन ‘योझेइ’ हें कुलनाम धारण केलें व तें पिढ्यान्‌पिढ्या चालविलें.

मिंग वंशाचा युंगलो बादशहा (१४०३ ते १४२४) गादीवर आल्यावर चांग छंगचा मुलगा चांग दगांग यास दरबारच्या कारखान्यावर बोलाविण्यांत आलें. हा कारखाना ‘फळबागेचा कारखाना’ या नांवानें प्रसिद्ध आहे. माझ्या मतें कोरीव रोगणाचा परमोत्कर्ष तो हाच. थर भरपूर जाड, कोरणीच्या कडा घासून मऊ केलेल्या, पाकळीला मांसलता, आणि कोठेंही हाताच्या चलाखीचें प्रदर्शन नाहीं. १४०३, १४०६ व १४०७ या सालीं या बादशहानें जपानच्या आशिकागा अधिपतीकडे नजराणे पाठविले, त्यांत कोरीव रोगणाचे मिळून दोनशेंवर नग होते. त्यांच्या याद्या आजही उपलब्ध आहेत.

आतां त्यांवरील नक्षी कशी वाचावी, हें सांगतों. कारण ती नुसती पाहण्याची नसून वाचण्याची वस्तु आहे. देखाव्याच्या करंड्यावर वरच्या बाजूस मंडप, पाइन वृक्ष, कठडा, त्याजवळ उभा विद्वान्, मागें वीणेसारखें वाद्य घेऊन येणारा पोरगा, असें चित्र पुष्कळदां असतें. अधिकाराची नोकरी सोडून, मित्राच्या भेटीस किंवा डोंगरांतील झऱ्याच्या सोबतीस निघालेला मनुष्य हा चिनी सुशिक्षितांचा आवडता आदर्श. चित्रांतील मोकळ्या जागेकडे पहिल्यानें कोणाचें लक्ष जात नाहीं, पण खरी गंमत तेथेंच आहे. ती जागा कोरी कधींच नसते. तिच्यावर बारीक जाळी कोरलेली असते, आणि ती तीन प्रकारची. आकाशाची जाळी निराळी, पाण्याची लाटांच्या वळणाची निराळी, आणि जमिनीची चौकटींत फूल बसविलेली निराळी. रंग एकच तांबडा. तरीही या तीन जाळ्यांमुळें नभ, जल व भूमि हीं वेगळीं ओळखूं येतात. सर हॅरी गार्नर या इंग्रज अभ्यासकाचा चिनी रोगणावरील ग्रंथ १९७९ सालीं निघाला, त्यांत या जाळ्यांची फोड फार चांगली केलेली आहे. एकदां ही खूण कळली म्हणजे कोठला पूल, कोठला कांठ, पाणी कोठें संपलें, हें लहान मूलही सांगूं शकतें.

फुलांच्या करंड्यांवर मात्र ही जाळी बहुधा नसते. तांबड्या फुलांखालीं पिंवळ्या रोगणाची साधी जमीन असते व ती पानांच्या फटींतून डोकावते. पिओनी म्हणजे वैभव, कमळ म्हणजे चिखलांतून निर्मळ वर येणारें शील, शेवंती म्हणजे शरद् ऋतु व निवृत्ति. पाइन, वेळू व हिंवाळ्यांत फुलणारें प्लम हे ‘थंडीचे तीन मित्र’. डाळिंब फुटलेलें दाखविलें तर उद्देश संततीचा. आपल्याकडे ओटींत जीं फळें घालतात त्यांच्यामागचीच ही भावना.

याशिवाय श्लेष. चिनी भाषेंत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असल्यामुळें चित्रकारास शब्दालंकाराचें रान मोकळें सांपडलें. वटवाघळास ‘फू’ म्हणतात आणि भाग्यासही ‘फू’. म्हणून आपल्याकडे जें पाखरूं अशुभ मानतात, तें तेथें मंगलचिन्ह होऊन करंड्यांवर उडतें. माशास ‘यू’, आणि विपुलतेसही ‘यू’. खुद्द करंड्यास ‘ह’ म्हणतात, व त्याच उच्चाराचा अर्थ सलोखा आणि मीलन असाही होतो. त्यामुळें लग्नकार्यांत करंडा देणें म्हणजे एका शब्दांत आशीर्वाद देणेंच होय. मम्मटानें हें पाहिलें असतें तर शब्दश्लेषास एखादें नवें उदाहरण मिळालें असतें!

आणि भारतवर्षाचा ठसा? तोही आहे. छत्र, मत्स्ययुग्म, शंख, पद्म, ध्वज, कलश, श्रीवत्साची न संपणारी गांठ व चक्र हीं बौद्धांचीं अष्टमंगलें या करंड्यांवर जागोजाग येतात. ‘लोहान’ म्हणून जे टकले, लांब कानांचे साधु कोरलेले असतात, ते म्हणजे आपले ‘अर्हत्’. संस्कृत शब्द चिनी जिभेवर ‘आलोहान’ झाला व पहिलें अक्षर पुढें गळून गेलें.

सोळाव्या शतकांतील ज्याजिंग बादशहा (१५२२ ते १५६६) ताओ पंथाचा व अमरत्वाच्या नादीं लागलेला. त्याच्या काळीं करंड्यांवर जिकडे तिकडे करकोचे, पीच फळें, आणि झाडाचा बुंधा पिळवटून त्याचेंच ‘दीर्घायुष्य’ हें अक्षर बनविलेलें! निरनिराळ्या रंगांचे थर देऊन, पान हिरव्या थरापर्यंत व फूल तांबड्या थरापर्यंत कोरावयाचें, ही बहुरंगी रीतिही तेव्हां भरास आली. कौशल्य दांडगें, पण मला स्वतःला तीं कामें गजबजलेलीं वाटतात. युंगलो काळचा निवांतपणा त्यांत राहिला नाहीं. याच काळीं एक मोठा गोल करंडा कल्पिला गेला : मध्यें रत्नांनीं भरलेलें पात्र, त्यावर ‘वसंत’ हें अक्षर, अक्षराच्या पोटांत दीर्घायुष्याची देवता व दोहों बाजूंस दोन व्याल. दोनशें वर्षांनीं छ्यनलुंग बादशहानें (१७३६ ते १७९५) तो पुन्हा मोठ्या संख्येनें करविला. हा बादशहा या कलेचा फार भोक्ता. काम सूजौच्या कारागिरांकडून करवून घेई, आणि स्वतःच्या कविताही वस्तूंवर कोरवी. त्याच्या वेळचें काम सुरीच्या धारेसारखें तीक्ष्ण आहे. मऊपणा गेला, चलाखी राहिली.

नांवाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. युंगलोच्या वस्तूंवर त्या बादशहाचें नांवही सुईनें ओरखडलेलें आहे. त्याच्यामागून आलेल्या श्वानद बादशहाची (१४२६ ते १४३५) खूण मात्र खोल कोरून सोन्यानें भरलेली असते. कित्येक वस्तूंवर या सोनेरी अक्षरांजवळ किंवा त्यांच्याखालीं जुनी सुईची रेघ अजून दिसते. म्हणजे एका राजाच्या नांवावर दुसऱ्याचें नांव चढविलेलें! आणि या दोन्ही राजांच्या कारखान्यांत ज्यांनीं वर्षानुवर्षें थर दिले व कोरलें, त्या शेंकडों हातांचीं नांवें कोठेंच नाहींत.

रोगणकारांपैकीं लेखणी हातीं घेतलेला पुरुष एकच ठाऊक आहे : ह्वांग छंग. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें ‘श्यू-शी-लू’ म्हणजे रोगण व त्याचे अलंकार यांची नोंद, हा ग्रंथ लिहिला. १६२५ सालीं यांग मिंग या दुसऱ्या जाणत्यानें त्यावर टीका जोडली. प्रकरणें १८ व कलमें १८६. पहिल्या भागांत साधनांस विश्वांतील वस्तूंचीं नांवें दिलीं आहेत : फिरत्या चरकास आकाशाची गति, सोन्यास सूर्याचें तेज, चांदीस चंद्राचें चांदणें. सर्वांत मोलाचें वाटतें तें त्यांतील दोषप्रकरण. थरास सुरकुती पडणें, धूळ बसणें, कोरणीची कड फाटणें असे ६४ दोष त्यानें सांगितले आहेत. आमच्याकडे कला चौसष्ट. त्याच्याकडे चुका चौसष्ट! काव्यांतील दोषांची जी छाननी आमच्या आलंकारिकांनीं केली, तीच या माणसानें हातकामाची केली.

आणि असा ग्रंथ खुद्द चीनमध्यें नाहींसा झाला. सुशिक्षितांच्या ग्रंथालयांत कारागिराच्या पोथीस कोण जागा देणार? एक हस्तलिखित जपानमध्यें एका संग्राहकाकडे राहिलें, त्यावरून नक्कल मागवून चू छीछ्यन या गृहस्थांनीं १९२७ सालीं चीनमध्यें तो छापविला. मध्यें तीनशें वर्षें एक संबंध विद्या एका परदेशी पोथीच्या आधारावर लोंबकळत होती. हें वाचतांना मला आमच्याच घरच्या गोष्टी आठवल्याशिवाय राहिल्या नाहींत. वज्रलेपाची कृति वराहमिहिरानें लिहिली म्हणून ती राहिली. पण सावंतवाडीचा चितारी लाख किती तापवी, दशावतारी गंजिफांच्या पानांवर खडू व चिंचोक्याची खळ कशी बसवी, हें आपल्या पाठशाळांतील कोणा शास्त्र्यानें लिहून घेतलें? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती कला बुडत आली असतां सावंतवाडीच्या राजघराण्यानें एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली व शिकविली, तेव्हां ती वांचली. हातानें काम करणाऱ्याशीं बोलावयास आपण पंडित मंडळी कधीं गेलोंच नाहीं, ही आमची कसूर चीनच्या पंडितांइतकीच मोठी आहे.

राजवाड्यांतील वस्तूंचें पुढें काय झालें? १८६० सालीं इंग्रज व फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळील उन्हाळी राजवाडा लुटला व लॉर्ड एल्जिनच्या हुकुमानें तो जाळण्यांत आला. इंग्रजांच्या फौजेंत हिंदी पलटणीही होत्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १९०० सालीं पुन्हा परकी फौजा पेकिंगांत शिरल्या व पुन्हा लूट झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें छ्यनलुंगचें कोरीव तांबड्या रोगणाचें सिंहासन आहे, तें याच धामधुमींत शिकारखान्याच्या महालांतून बाहेर पडलें. त्याच संग्रहालयांत श्वानद काळचें खणांचें एक मेज आहे. फळबागेच्या कारखान्यांतील एवढें मोठें अखंड सामान दुसरें उरलेलें नाहीं. त्यावरील व्यालांस बादशाही नियमाप्रमाणें पांच नखें होतीं. पुढें कोणीं तरी प्रत्येक पंजाचें एकेक नख छाटून टाकिलें आहे. पांच नखें हा बादशहाचा हक्क; मेज राजवाड्याबाहेर गेलें, तेव्हां तें जवळ बाळगणाऱ्यास ही खबरदारी घेणें भाग पडलें असावें.

कला मात्र मेली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांतील जुन्या वस्तूंची दुरुस्ती करतां करतां पेकिंगच्या कांहीं कारागिरांनीं ती पुन्हा हस्तगत केली, आणि २००६ सालीं चीन सरकारनें ती राष्ट्रीय वारशांत नोंदविली.

कोणाच्या घरीं वाडवडिलांनीं आणलेला असा एखादा तांबडा करंडा असेल, तर त्याविषयीं दोन शब्द. तो उन्हांत किंवा दिव्याच्या झळीजवळ ठेवूं नये. कोरड्या हवेनें आंतलें लांकूड आंखडतें व रोगणास चिरा जातात. तेल लावून चकाकी आणण्याचा मोह टाळावा. मऊ कुंचल्यानें खांचांतील धूळ झाडली कीं पुरे. बाजारांत लांकूड कोरून वरून रंग दिलेले, किंवा राळेच्या लगद्याचे सांच्यांतून काढलेले पुष्कळ करंडे याच नांवानें खपतात. भिंग घेऊन कोरणीच्या उभ्या कापाकडे पाहावें. सांच्यांतल्या मालाच्या कडा गोलसर व गुळगुळीत असतात, सर्व फुलें तंतोतंत एकसारखीं दिसतात, आणि कापांत थर म्हणून नसतातच. खऱ्या कामांत थरावर थर, पोथीच्या पानांच्या कडेप्रमाणें, दिसतात. नशीब असेल तर त्यांत ती काळी रेघही सांपडते.